नावात संत, सणात भुते

ऑक्टोबर सरत आला की मराठी पुरवण्यांतून आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतून 'हॅलोवीन'चा अर्थ सांगणारे मजकूर नेमाने येऊ लागतात. त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात हा 'पाश्चात्त्यांचा भुतांचा सण' असतो. दुसऱ्यात तो मुळात ख्रिस्तपूर्व केल्टिक लोकांचा असतो, आणि चर्चने तो हिसकावून त्यावर स्वतःचे नाव चिकटवलेले असते. तिसऱ्यात तो आपल्याच सर्वपित्री अमावास्येची नक्कल ठरतो. सण साजरा करावा की नाही यावर शाळांतून आणि गृहनिर्माण संस्थांतून जे वाद झडतात, त्यांतही याच तीन बाजू एकमेकींसमोर उभ्या राहतात. या तिन्ही मतांत एक गोष्ट समान आहे. शब्दाचे मूळ सापडले की सणाचा 'खरा' अर्थ हाती लागला, अशी तिघांचीही श्रद्धा आहे. आमचा आक्षेप या श्रद्धेला आहे. सण पाळावा की पाळू नये हा ज्याचा त्याचा प्रश्न; परंतु व्युत्पत्तीला साक्षीदार म्हणून उभे करायचे, तर तिची उलटतपासणी करणे साहित्याच्या आणि भाषेच्या अभ्यासकांचे कर्तव्य ठरते.

प्रथम शब्द पाहू. 'हॅलोवीन' हे 'ऑल हॅलोज ईव्हन' या शब्दसमूहाचे झिजलेले रूप आहे. 'ईव्हन' म्हणजे संध्याकाळ. स्कॉटलंडच्या बोलीत त्यातला 'व्ह' गळाला आणि 'ईन' उरले. 'हॅलो' हे जुन्या इंग्रजीतील 'हाल्गा' या नामापासून आले. त्याचा अर्थ पवित्र पुरुष, संत. 'होली' हे विशेषण त्याच घराण्यातले. दूरध्वनीवरच्या 'हॅलो'शी त्याचा काडीइतकाही संबंध नाही. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, आणि त्याची पूर्वसंध्या म्हणजे ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ. शब्दशः भाषांतर करायचे झाले तर 'सर्वसंतपूर्वसंध्या' असे करावे लागेल. ज्या रात्री सांगाडे, चेटकिणी आणि पिशाच्चे रस्त्यावर उतरतात, तिच्या नावात एकही भूत नाही. आहेत ते केवळ संत.

रूप झिजण्याची ही प्रक्रिया मराठी वाचकाला अपरिचित नसावी. 'दीपावली'ची 'दिवाळी' झाली आणि तिच्यातली 'आवली', म्हणजे ओळ, कानाआड गेली. दिवाळी म्हणताना दिव्यांची ओळ कोणाच्या मनात उमटत नाही. फराळ, फटाके, सुटी आणि दिवाळी अंक मात्र उमटतात. तरीही 'दिवा' ऐकू येत राहतो, आणि म्हणून सणाचे एक टोक नावाला बांधलेले राहते. इंग्रजीत तसे झाले नाही. नॉर्मन विजयानंतर फ्रेंचच्या वाटेने 'सेंट' हा शब्द इंग्रजीत रुळला आणि संत या अर्थाचे 'हॅलो' हे नाम हळूहळू व्यवहारातून उठून गेले. प्रभूच्या प्रार्थनेत त्याचे क्रियापद टिकले, काही चर्चच्या नावांत ते गोठून राहिले, परंतु बोलणाऱ्याच्या जिभेवर ते राहिले नाही. शेक्सपिअरच्या काळी हा दिवस नावाने सर्वांना ठाऊक होता. 'मेझर फॉर मेझर' या नाटकात एका प्रसंगाची तारीख सांगताना पात्रे सहज या दिवसाचा आणि त्याच्या पूर्वसंध्येचा उल्लेख करतात. पुढे १७८६ मध्ये रॉबर्ट बर्न्सची 'हॅलोवीन' ही दीर्घ कविता प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यात संत उरले नव्हते. त्या कवितेत खेड्यातली तरुण मुले-मुली कोबीवर्गीय भाजीचे बुंधे उपटून, शेकोटीत सुकामेव्याची फळे जोडीने भाजून, आरशात पाहून आपला भावी जोडीदार कोण याचा कौल लावतात. बर्न्सने या चालीरीती समजावून देणाऱ्या टिपाही सोबत जोडल्या होत्या. शब्द तोच, परंतु आतला ऐवज बदललेला.

हा ऐवज का बदलला, हा खरा प्रश्न. आणि त्याचे उत्तर व्युत्पत्तिकोशात सापडत नाही. ते इतिहासात शोधावे लागते.

सर्व संतांचा दिवस प्रारंभी नोव्हेंबरात नव्हता. सातव्या शतकाच्या आरंभी चौथ्या बॉनिफेस पोपने रोममधील पँथिऑन हे प्राचीन देवालय मेरी आणि सर्व हुतात्म्यांना अर्पण केले. तो दिवस होता १३ मे. इ.स. ८०० च्या सुमारास अल्क्विन हा इंग्लंडातून शार्लमेनच्या आश्रयाला गेलेला विद्वान १ नोव्हेंबरच्या सणाचा पुरस्कार करताना दिसतो. ८३५ मध्ये फ्रँकिश साम्राज्यात हा दिवस अधिकृत झाला. आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की साधारण त्याच काळातील आयर्लंडच्या संतपंजीत युरोपातील सर्व संतांचा दिवस २० एप्रिल असा नोंदलेला आहे. केल्टिक सणावर झाकण घालण्यासाठी चर्चने १ नोव्हेंबर निवडला असेल, तर तो पायंडा जिथे तो सण सर्वांत ठळक होता त्या आयर्लंडातून पडायला हवा होता. पुरावा नेमका उलट दिशेला बोट दाखवतो. रोनाल्ड हटन यांनी ब्रिटनच्या वार्षिक सणांचा इतिहास लिहिताना १९९६ मध्ये ही बाजू विस्ताराने मांडली आहे, आणि 'चर्चने सण हिसकावला' असे ठासून सांगणाऱ्याने किमान तिला उत्तर देणे आवश्यक आहे.

याचा अर्थ केल्टिक सण कल्पित होता असा नव्हे. आयरिश भाषेत आजही नोव्हेंबर महिन्याला जे नाव आहे, ते लिहिताना त्यात 'म' आणि 'ह' येतात, उच्चारात मात्र साधारण 'साउइन' असे ऐकू येते. हॅलोवीनच्या रात्रीला आयरिशमध्ये 'साउइनची रात्र' असेच म्हणतात. मध्ययुगीन आयरिश कथांतून साउइन हा वर्षाचा सांधा आहे. उन्हाळा संपतो, हिवाळा सुरू होतो, राजे मेळावे भरवतात, मेजवान्या झडतात आणि टेकड्यांखालच्या अद्भुत लोकांच्या जगाची दारे त्या रात्री किलकिली होतात. नेरा नावाच्या वीराची कथा याच रात्री घडते. मात्र दोन गोष्टी विसरता येत नाहीत. एक तर या कथा लिहून ठेवणारे हात ख्रिस्ती मठांतले होते. दुसरे असे, की टेकड्यांखालचे ते लोक म्हणजे मृत पूर्वज नव्हेत. ते दुसऱ्याच कोटीतले, आपल्याकडच्या यक्षगंधर्वांची आठवण करून देणारे जीव आहेत. साउइन हा केल्टिक नववर्षाचा आणि मृतांचा सण होता ही आज सर्वतोमुखी असलेली कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन ऱ्हिस आणि जेम्स फ्रेझर यांच्या लेखनातून घडत गेली. त्याआधी अठराव्या शतकात चार्ल्स व्हॅलन्सी या हौशी पुराणवस्तुप्रेमी लेखकाने तर साउइन हे एका देवाचेच नाव ठरवून टाकले होते. असा देव आयरिश वाङ्मयात कोठेही भेटत नाही, तरी 'मृत्युदेव' म्हणून तो अजून लेखालेखांतून फिरतो आहे. हॅलोवीनमधले सर्वांत खरे भूत कोणते, असे कोणी विचारल्यास आम्ही या देवाकडे बोट दाखवू.

मग मृतात्मे आले कोठून? आमच्या मते त्यांची मुख्य वाट चर्चमधूनच गेली आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीस क्लूनी मठाचा प्रमुख ओडिलो याने २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस म्हणून पाळण्याची प्रथा घातली, आणि ती पश्चिम युरोपभर पसरली. संत स्वर्गात पोहोचलेले असतात; त्यांना आपल्या मदतीची गरज नसते. सामान्य मृतात्मे मात्र शुद्धिस्थानात यातना भोगत असतात आणि जिवंतांच्या प्रार्थनांची वाट पाहतात. त्यांच्यासाठी रात्री घंटा वाजत. इंग्लंडात गोरगरीब दारोदार जाऊन छोटे गोड पाव मागत आणि त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करत. संतांचा दिवस आणि मृतांचा दिवस असे पाठोपाठ आल्याने पहिल्याच्या पूर्वसंध्येवर दुसऱ्याची छाया पडली.

पुढचा टप्पा धर्मसुधारणेचा. मार्टिन लूथरच्या प्रबंधांची तारीख ३१ ऑक्टोबर १५१७ ही आहे, आणि ती योगायोगाने आलेली नाही. विटेनबर्गचे राजवाड्यातील चर्च सर्व संतांच्याच नावाचे होते आणि दुसऱ्या दिवशी तेथील पवित्र अवशेषांच्या दर्शनाला व त्यासोबत मिळणाऱ्या पापदंडमाफीला भाविकांची रीघ लागणार होती. ज्या व्यवहाराला लूथरने आव्हान दिले, त्याचा हा मोठा दिवस. प्रॉटेस्टंट पंथांनी शुद्धिस्थान नाकारले. इंग्लंडच्या नव्या प्रार्थनापुस्तकात संतांचा दिवस राहिला, मृतात्म्यांचा गळला. परंतु शुद्धिस्थान रद्द केल्याने गावकऱ्यांच्या मनातले मृत रद्द होत नाहीत. प्रार्थनेने ज्यांची व्यवस्था लागत होती, ते आता बेवारस झाले. प्रिय आत्मा म्हणून ज्याचे स्मरण होत होते, तो भूत म्हणून भटकू लागला. त्या रात्रीचे नाव ज्या शब्दाने बनले होते, तो शब्दही याच सुमारास विस्मरणात चालला होता. आशय गेला, आणि नावाची पारदर्शकताही गेली. अशा अपारदर्शक, रिकाम्या नावात कोणताही नवा आशय ओतणे सोपे असते. फ्रेंचमध्ये या दिवसाचे नाव 'तूसँ' आहे आणि त्यात 'सर्व' व 'संत' अजून स्पष्ट ऐकू येतात. जर्मनमधल्या 'आलरहायलिगन'चेही तेच. फ्रान्समध्ये त्या दिवशी थडग्यांवर शेवंतीची फुले वाहतात. पोलंडमध्ये दफनभूमी दिव्यांनी उजळतात. गोव्यात आणि वसईत २ नोव्हेंबरला कॅथलिक कुटुंबे आप्तांच्या थडग्यांवर फुले आणि मेणबत्त्या घेऊन जातात. त्या स्मरणात गांभीर्य आहे, भयाची करमणूक नाही. हा फरक केवळ नावामुळे पडला असे आम्ही म्हणत नाही. धर्मकारण हेच मोठे कारण. परंतु नाव समजेनासे झाल्याने वाट मोकळी झाली, एवढे निश्चित म्हणता येईल.

अखेरचा प्रवास समुद्रापलीकडचा. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८४५ नंतरच्या महादुष्काळात, लाखो आयरिश लोक अमेरिकेला गेले. स्कॉटिश लोकही गेले. आयर्लंड-स्कॉटलंडात सलगम कोरून दिवा करीत, तिथे भोपळा मिळाला. घरोघर जाऊन 'खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू' अशी धमकी देण्याचा इंग्रजी वाक्प्रचार १९२० च्या दशकात कॅनडाच्या वृत्तपत्रांत दिसू लागतो. १९७८ मध्ये जॉन कार्पेंटरच्या चित्रपटाने या नावावर खुनाचा आणि रक्ताचा रंग चढवला. संतांच्या नावाची ही परिणती पाहून हळहळण्याचे कारण नाही. शब्द असेच जगतात. पण मग 'खरा अर्थ' कोणता? आठव्या शतकातला, बर्न्सच्या काळातला, की आजच्या मुलाच्या पिशवीतल्या गोळ्या-चॉकलेटांचा? आमचे उत्तर असे, की ज्या काळाविषयी आपण बोलतो आहोत, त्या काळच्या बोलणाऱ्यांना जो कळत होता तो. व्युत्पत्ती शब्दाचे जन्मगाव सांगते, त्याचा आजचा पत्ता सांगत नाही.

आता तिसऱ्या मताकडे, म्हणजे सर्वपित्रीकडे वळू. साम्य वरवरचे आहे. पितृपक्षातील श्राद्ध हे वंशजाने आपल्या पितरांचे ऋण फेडणे आहे. त्यात गोत्र आहे, नाव आहे, पिढ्यांची गणती आहे. १ नोव्हेंबरचे संत हे कोणाचे कुलपुरुष नाहीत. त्यांच्याशी आपल्याकडची तुलना करायचीच झाली, तर ती संतांच्या पुण्यतिथ्यांशी करावी. ख्रिस्ती परंपरेत बहुतेक संतांचा दिवस त्यांच्या मृत्यूचा असतो, आणि त्याला स्वर्गातील जन्मदिवस मानतात. वारकरी परंपरेतही ज्ञानदेवांचा समाधीचा दिवस कार्तिक वद्य त्रयोदशीला आणि तुकोबांची बीज फाल्गुनात साजरी होते. जन्मतिथीहून देह ठेवल्याची तिथी मोठी ठरते. हे साम्य अभ्यासण्याजोगे आहे. पण ते रचनेतले साम्य आहे, वंशावळीतले नव्हे. दोन समाजांनी एकाच मानवी प्रश्नाला जवळपासची उत्तरे शोधली, म्हणून एकाने दुसऱ्याची वही पाहून लिहिली असे सिद्ध होत नाही.

वंशावळ जुळवण्याची हौस आपल्याकडे जुनीच. पु. ना. ओक यांनी 'व्हॅटिकन'मध्ये 'वाटिका' पाहिली आणि 'ख्रिश्चॅनिटी'त कृष्ण. हॅलोवीनच्या प्रकरणात या पद्धतीची परीक्षा घेण्यास 'संत' आणि 'सेंट' हीच जोडी उत्तम. अर्थ एक, ध्वनी जवळजवळ एक. कोणालाही वाटावे की हे सख्खे भाऊ. प्रत्यक्षात 'संत' हा 'सत्' या संस्कृत रूपातून, म्हणजे 'अस्' धातूतून आला. 'सेंट' हा पवित्र करणे या अर्थाच्या लॅटिन धातूच्या 'सांक्तुस' या रूपातून. दोहोंचा रक्तसंबंध नाही. उलट ज्या 'साउइन'चे तोंडवळे आपल्याला पूर्ण परके वाटते, त्याचे नाते संस्कृतशी असण्याची दाट शक्यता आहे. या शब्दात उन्हाळ्याचे नाव असेल, तर ते संस्कृत 'समा'चे भावंड ठरते. 'समा' म्हणजे ऋतू, वर्ष. ईशोपनिषदात शंभर वर्षे जगण्याच्या इच्छेसंबंधी येतो तोच हा शब्द, आणि इंग्रजी 'समर'ही याच कुळातला. आणि काही अभ्यासक म्हणतात त्याप्रमाणे त्यात 'मेळावा' हा अर्थ असेल, तर तो ऋग्वेदातील 'समन' या मेळावा किंवा उत्सव अशा अर्थाच्या शब्दाचा नातलग ठरतो. दोन्ही बाजूंनी नाते लागते, परंतु ते एका समान पूर्वज भाषेतून येणारे चुलत नाते आहे. आपल्याकडून तिकडे गेलेली देणगी नव्हे. दिसायला सारखे ते परके, आणि दिसायला परके ते नातलग: तौलनिक भाषाशास्त्राचा हा पहिला धडा आहे. विल्यम जोन्सने कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या समान उगमाची कल्पना मांडली ती १७८६ मध्येच, बर्न्सची कविता छापली गेली त्याच वर्षी. कानाला काय भावते यावर न थांबता ध्वनिबदलांची नियमितता तपासायची, ही शिस्त त्यानंतरच्या शतकात घडली. ती आपण बाजूला ठेवली, तर व्हॅलन्सी आणि आपण यांत अंतर उरत नाही.

इथे एक न्याय्य शंका उपस्थित होईल. लोकव्युत्पत्ती चूक असेल, म्हणून ती टाकाऊच का? मुळीच नाही. मध्ययुगीन आयरिश पंडितांनी साउइनची फोड 'उन्हाळ्याचा अंत' अशी केली. आधुनिक भाषाशास्त्र ती स्वीकारीलच असे नाही. परंतु त्या पंडितांना तो दिवस कसा भासत होता, याचा तो अस्सल पुरावा आहे. आपल्या यास्काच्या निरुक्तातील कित्येक निर्वचने अशीच वाचावी लागतात. ती शब्दाचा इतिहास नसून शब्दावरचे भाष्य असतात. मराठीतले ताजे उदाहरण म्हणजे आषाढातली दिव्यांची अमावास्या. तिला बोलीत 'गटारी' म्हणतात, आणि अलीकडे 'गत' आणि 'आहार' यांचा संधी करून तिचे मूळ नाव 'गताहारी' असल्याचे संदेश दरवर्षी फिरतात. या फोडीला जुन्या वाङ्मयाचा आधार कोणी दाखवलेला आमच्या पाहण्यात नाही. मात्र आजच्या मध्यमवर्गाला त्या नावाची लाज वाटते आणि संस्कृतचे वस्त्र पांघरून ती झाकावीशी वाटते, हे त्यातून स्वच्छ कळते. हॅलोवीनच्या पवित्र नावावर भुते स्वार झाली. गटारीच्या उनाड नावावर पावित्र्य चढवले जाते आहे. प्रवासाच्या दिशा उलट आहेत, पण दोन्हीकडे नावापेक्षा ते नाव वापरणाऱ्यांची गरजच बोलते आहे.

म्हणून शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना आमची विनंती एवढीच, की व्युत्पत्तीसमोर तीन प्रश्न वेगळे ठेवावेत. शब्द कोठून आला. कोणत्या काळी कोणाला त्याचा काय अर्थ कळत होता. आणि आज तो अर्थ सांगण्यात कोणाचे काय हित आहे. पहिल्याचे उत्तर ध्वनिनियम आणि जुन्या नोंदी देतील. दुसऱ्यासाठी नाटके, कविता, संतपंज्या आणि प्रार्थनापुस्तके वाचावी लागतील. म्हणजेच तो साहित्याच्या अभ्यासकाचा प्रांत आहे. तिसरा प्रश्न टीकेचा. कृ. पां. कुलकर्णी यांच्या १९४६ च्या व्युत्पत्तिकोशासारखी साधने आपल्यापाशी असताना, पहिल्या प्रश्नाचे अर्धवट उत्तर घेऊन तिन्ही प्रश्न सुटल्याची घोषणा करणे वर्गात तरी घडू नये.

हॅलोवीन हा संतांचा सण आहे काय? नावाने आहे. भुतांचा आहे काय? चारेकशे वर्षांच्या रूढीने आहे. केल्टिक आहे काय? ऋतूच्या सांध्यावरची ती रात्र, तिचे अद्भुत, एवढ्यापुरता आहे. ही तिन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकतात, कारण सण हा एका मुळावर वाढलेला वृक्ष नसून अनेक ओहोळ मिळून झालेला प्रवाह असतो. त्यातला एकच ओहोळ उचलून त्याला 'उगम' म्हणणे सोयीचे असते. ते ज्ञान मात्र नव्हे.